दीड हात आभाळ

६ मे

प्रिय मामा,

नमस्कार. साष्टांग घालायला खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घे. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. टेबलावर लिहायचं तर पलंगावर बसायचं आणि खिडकी उघडायची तर टेबलावर चढायचं. फोन गेटवर काढून घेतले. रखवालदाराने पावती दिली आणि म्हणाला, "दोन महिन्यांनी या." म्हणून हे पत्र. आईला रोज लिहायचं कबूल केलंय, पण तिला लिहिण्यासारखं नसेल ते तुला लिहीन.

वेधशाळा टेकडीवर आहे. रोज सकाळी दुधाची गाडी येते, तीच टपाल आणते, तीच नेते. मला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, बारीक, चष्म्याला दोरी. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुझा उन्हाळा इथे चांगला जाईल, फक्त घाई करू नकोस." दोन महिन्यांनी त्यांनी शिफारसपत्र दिलं तर पुढच्या शिक्षणाला प्रवेश, नाहीतर नाही. हे लक्षात ठेव, कारण मला ते सारखं लक्षात ठेवावं लागतंय.

तर गंमत अशी. इथले सगळे, म्हणजे मॅडम आणि आणखी पाच शास्त्रज्ञ, एकाच पट्टीवर काम करतात. सतरा वर्षं. पट्टीवर त्यांनी शंभराच्या वर लेख लिहिलेत. जेवणाच्या टेबलावर, जिन्यात, नळावर हात धुताना, बोलणं पट्टीचंच. मी पहिल्या दिवशी नुसतं "पण बाकीचं?" असं विचारलं, तर टेबलावरचे चमचे थांबले.

आणि दुर्बिणीच्या खोलीचं छप्पर तू बघायला हवंस. दुकानाचं शटर आडवं झोपवलं तर कसं दिसेल, तसं. रुळांवर सरकतं. पण दीड हात उघडतं आणि अडकतं. तुझी फार आठवण आली.

तुझी,
चौकशीबाई

१२ मे

चौकशीबाईस आशीर्वाद.

तेलकट हाताने लिहितोय. कागदाला डाग पडलाय तो आशीर्वादातच धर. इकडे कामाला उसंत नाही. सकाळपासून तीन शटरं झाली, दुपारी एक बेकरी आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सहा शिकलेली माणसं सतरा वर्षं एका पट्टीवर बसलीत हे काही मला पटलं नाही. पट्टी वाकली असेल तर काढून दुसरी टाकायची, तासाचं काम. गंजली असेल तर रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची. शंभर लेख कशाला? तुझ्या मॅडमना सांग, पट्टीची जाडी आणि रुंदी कळवा, माझ्याकडे जुना माल पडलाय.

आणि दीड हातावर अडकलेलं शटर कुणी ओढत असेल तर ओढू देऊ नकोस. अडकलेल्या शटरला जोर लावणं म्हणजे रुसलेल्या माणसाला हलवून विचारणं, काय झालं म्हणून. आधी बघायचं, कुठे लागतंय. कानाने बघायचं.

जेवतेस ना? चष्म्याला दोरी हा चांगला विचार आहे, तूही लाव.

तुझा
मामा

१७ मे

मामा,

पट्टी शटरची नाही रे, आभाळाची!

नीट सांगते. छप्पर दीड हातच उघडतं. त्या फटीतून दुर्बिणीला आभाळाची एक अरुंद पट्टी दिसते, उगवतीपासून मावळतीपर्यंत. पृथ्वी फिरते तसे त्या पट्टीतले तारे आगगाडीच्या डब्यांसारखे समोरून जातात. तेच तारे, रोज. सतरा वर्षांत या सहा जणांनी त्यांचा पार फडशा पाडलाय. एकेचाळीस हजार दोनशे सहा तारे मोजून, वजन करून, वय काढून ठेवलेत. मॅडम काही ताऱ्यांबद्दल अशा बोलतात की वाटावं, शेजारच्या इमारतीत राहतात. "तो बावीस हजार चारवाला हल्ली मंदावलाय, त्याचं मला बरं वाटत नाही."

पट्टीच्या बाहेर काय आहे, तर "तो आपला विषय नाही." बाकीच्या वेधशाळांनी पट्टी आदराने यांना सोडून दिलीय, आणि यांनी बाकीचं आभाळ त्यांना.

पट्टीतली सगळ्यात नावाजलेली गोष्ट म्हणजे मॅडमचा ढग. खरा ढग नव्हे, वायूचा, तेजोमेघ. सुंदर लाल, पिसारल्यासारखा. पण वरच्या बाजूला एकदम सरळ रेघेत संपतो, सुरीने कापल्यासारखा. निसर्गात एवढी सरळ रेघ कुठेच नाही. ती का झाली, यावर मॅडमचे अकरा लेख आहेत, सुवर्णपदक आहे. मी छायाचित्र हातात घेतलं आणि छपराखाली जाऊन उभी राहिले. मामा, ती रेघ बरोबर छप्पर अडकतं तिथे आहे.

बोलायचा धीर झाला नाही. मला दिलेलं काम ऐक: "पट्टीबाहेर काही असण्याची शक्यता: एक अंदाज." पट्टीतले तारे मोजायचे, त्यावरून गणित करायचं आणि शेवटी लिहायचं की बाहेर लक्षणीय असं काही नसावं. शेवटचं वाक्य मॅडमनी आधीच टाइप करून दिलंय, मला फक्त त्याच्या वरचं लिहायचंय.

मी म्हटलं, "मॅडम, अंगणात जाऊन वर बघितलं तर?"

त्या रागावल्या नाहीत. मायेने म्हणाल्या, "बाळ, बघितलं की दिसतं. दिसणं म्हणजे निरीक्षण नव्हे."

मग मी एक आगाऊपणा केला. जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं, छप्पर दुरुस्त का करत नाही? हंगामी संचालक म्हणाले, तज्ज्ञ मिळत नाही. मी म्हटलं, माझा मामा चाळीस वर्षं शटरवर काम करतोय, त्याच्याएवढा जाणकार नाही. एवढंच म्हटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

ये ना मामा. एक दिवसाचं काम आहे.

तुझी,
चौकशीबाई

२० मे

कार्यालयीन

माननीय महोदय,

आपण शटर या विषयावर चार दशके संशोधन करीत असल्याचे समजले. आपणांस पाहुणे शास्त्रज्ञ म्हणून दिनांक ७ ते ९ जून या काळात निमंत्रित करण्यास आनंद होत आहे. आपले व्याख्यान दिनांक ८ रोजी सकाळी ठेवले आहे. सोबतचा अर्ज भरून परत पाठवावा.

१. संशोधनाचे क्षेत्र (चौरस मीटरमध्ये)
२. आपण कोणत्या पट्टीवर काम करता?
३. आपल्या कामावर आजवर कोणी आक्षेप घेतला आहे काय? असल्यास त्यांचे नाव.
४. आहार: मऊ / कडक

आपला विश्वासू,
संचालक (हंगामी)

२४ मे

चौकशीबाई,

तू काय करून ठेवलंस हे? पोस्टमनने पत्र माझ्या हातात देताना "शास्त्रज्ञसाहेब" म्हटलं. गल्लीभर झालंय. समोरचा शिंपी मला बघून उभा राहतो.

मला यायला जमणार नाही. एक म्हणजे काम फार आहे. दुसरं म्हणजे सध्या काम काहीच नाही, त्यामुळे दुकान सोडून हलता येत नाही, कुणी आलं तर? तिसरं म्हणजे मला गाडी लागते.

अर्ज भरून पाठवतोय, कारण कागद कोरा परत करणं बरं दिसत नाही. संशोधनाचं क्षेत्र साडेअकरा चौरस मीटर लिहिलंय, दुकान तेवढंच आहे. पट्टी अठरा गेज जाडीची. आक्षेप बेकरीवाल्याने घेतला होता, पण चूक त्याची होती. आहारावर काहीच खूण केली नाही, कारण मी येतच नाहीये.

तुझं तू बघ. रूळ स्वच्छ कर, जुनं ग्रीस खरवडून काढ. छप्पर कोण उघडतं रोज? त्या माणसाला विचार. शटरबद्दल मालकाला कधीच काही माहीत नसतं, उघडणाऱ्याला असतं.

तुझा
मामा

२५ मे

बाळा,

मामाने तुला काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण पाकीट चिकटवताना तोंड लपवत होता. तुला सांगू नको म्हणाला होता, तरी सांगते. मार्चमध्ये औषधाच्या दुकानाचं शटर बसवताना तो शिडीवरून पडला. खांदा गेला. हाडं जुळली, पण शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला की त्याला घाम फुटतो. दोन महिने झाले, दुकान बंद आहे. रोज सकाळी कपडे करून बाहेर पडतो आणि बागेत बसून परत येतो. मला वाटतं तो दुकानात जातो, असं त्याला वाटतं.

कागदावर तेलाचा डाग होता ना? ते खांद्याला चोळायचं तेल.

तू त्याला कळलंय असं दाखवू नकोस. आणि स्वेटर घाल, टेकडीवर गार असतं.

आई

३० मे

प्रिय मामा,

तुझी तिन्ही कारणं वाचली. तिन्ही मंजूर. पण तुझा अर्ज इथे आला आणि तुझी निवड झाली. अर्ज केलेला तू एकटाच होतास म्हणे, तरी समितीत चर्चा झाली. साडेअकरा चौरस मीटर या उत्तरावर हंगामी संचालक फार खूश आहेत. ते म्हणाले, एवढं नेमकं उत्तर आजवर कुणी दिलं नाही.

एक वाईट बातमी आहे, तुला आवडणार नाही. पाहुण्या शास्त्रज्ञांना शिडी चढायला इथे सक्त मनाई आहे. विम्याचा नियम आहे. तू कितीही म्हणालास तरी तुला वर चढू देणार नाहीत. खाली उभं राहून सांगायचं, चढायचं काम दुसऱ्याने करायचं. तुला हे अपमानास्पद वाटेल, पण माझ्यासाठी एवढं सोस.

उघडणारे इथले छतकाका आहेत, साठीचे. अबोल आहेत. मी त्यांना विचारलं, "छप्पर पूर्ण उघडतं का हो?" ते म्हणाले, "उघडत नाही." संपलं बोलणं.

माझा अहवाल सगळा झालाय. फक्त ते शेवटचं वाक्य राहिलंय. मॅडम रोज विचारतात, "चिकटवलंस का?" मी रोज म्हणते, डिंक वाळलाय. मामा, मॅडम माझ्याशी इतक्या चांगल्या वागतात. मला ताप आला तर रात्री उशाशी बसून होत्या. त्यांना वाटतं मी आळशी आहे. तेच बरं वाटतं.

सातला दुधाच्या गाडीत पुढे बस, मागे हिंदकळतं.

तुझी,
चौकशीबाई

१० जून

ताई,

पोचलो. काल परत निघायचं होतं, निघालो नाही, म्हणून हे पत्र.

पहिलं भांडण तुझ्याशी. पाहुण्यांना शिडीची मनाई आहे असं पोरीने लिहिलं होतं. मी कार्यालयात विचारलं. असा नियमच नाही. विमाही नाही. म्हणजे पोरीने तो माझ्यासाठी तयार केला, आणि ती एवढी हुशार असली तरी मी पडलो हे तिला स्वप्नात दिसलं नसणार. बरं केलंस की वाईट केलंस, हे मी अजून ठरवलेलं नाही.

व्याख्यान झालं. समोर सहा शास्त्रज्ञ, वह्या उघडून. मी म्हटलं, "शटर अडकलं की माणूस जोर लावतो. जोर लावला की ते आणखी अडकतं." सगळ्यांनी लिहून घेतलं. एकाने हात वर केला, "जोर आपण कशात मोजता?" मी म्हटलं, "शेजाऱ्यांत. एका शेजाऱ्याचं शटर, दोन शेजाऱ्यांचं शटर. तीन शेजारी लागले तर शटर गेलंच." त्यांनी तेही लिहून घेतलं, आणि मॅडमनी विचारलं, "अडीच कधी आढळले?" मी म्हटलं, "एकदा. एक शेजारी बुटका होता." टाळ्या वाजवल्या ग त्यांनी, खुर्ची पुढे केली. चाळीस वर्षांत मला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

मग सगळे दुर्बिणीच्या खोलीत गेलो. भर दुपार. छतकाकांनी बटण दाबलं, छप्पर सरकलं. मी डोळे मिटून ऐकत होतो. ताई, त्याचा आवाज निरोगी होता. ना गंज, ना खरखर. मलईसारखं सरकलं आणि टक्. लोखंड लोखंडावर अडकलं तर ठण् होतं. हे टक् होतं. लाकडाचं.

मी छतकाकांना विचारलं, "का उघडत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही हरवलेलं माणूस सापडावं. म्हणाले, "पाचर आहे."

"कुठे?"

"उजव्या रुळात. मीच मारलीय. दरवर्षी रंग देतो तिला."

मॅडम म्हणाल्या, "सतरा वर्षं तुम्ही सांगितलं नाही?"

"तुम्ही सगळे विचारायचात, उघडतं का. नाही उघडत. का उघडत नाही, हे आज पहिल्यांदा कुणी विचारलं." मग खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात घडी केलेला कागद. जुन्या संचालकांच्या हातचा: मी बैठकीहून परत येईपर्यंत छप्पर एवढेच ठेवावे. खाली सही. त्या दिवशी पावसाची चिन्हं होती म्हणे. साहेब बैठकीला गेले, तिथेच त्यांना मोठी जागा मिळाली, ते परत आलेच नाहीत.

मी म्हटलं, मग काढा पाचर. छतकाका म्हणाले, लेखी आदेश रद्द करणारा लेखी आदेश आणा. सगळे हंगामी संचालकांकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मी हंगामी आहे. साहेब रीतसर कार्यमुक्त झालेच नाहीत. त्यांचा आदेश मी कसा रद्द करू?" ताई, तो माणूस सतरा वर्षं हंगामी आहे. टोपीसुद्धा खुंटीला लावत नाही, हातात धरून बसतो.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शिडी समोरच होती, तेरा पायऱ्या. मला वाटलं, चढून टाकू एकदा. एक पाय ठेवला, दुसऱ्या पायरीला हात ओले झाले. पोरगी घाईघाईने म्हणाली, "पाहुण्यांना मनाई आहे." मी म्हटलं, "मनाई नाही. मी मार्चमध्ये पडलो. मला भीती वाटते." असं सगळ्यांसमोर म्हटलं. काही झालं नाही ग. छप्पर कोसळलं नाही.

मॅडमनी चष्मा नाकावर बसवला, दोरी मानेमागे टाकली आणि म्हणाल्या, "शिडी धरा."

मी एका बाजूने धरली, छतकाकांनी दुसऱ्या बाजूने. ते म्हणत होते, "माझी हरकत लिहून घ्या," आणि शिडी घट्ट धरून होते. मी खालून सांगत होतो, "ओढू नका, आधी उलट्या बाजूने टिचकी मारा. आणखी एक. आता हलवा." तेराव्या पायरीवर मॅडम बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मला वाटलं त्यांनाही घाम फुटला. मग पाचर खाली पडली. हिरवी, सतरा थर रंगाची, पावाएवढी फुगलेली.

छतकाकांनी बटण दाबलं. छप्पर गेलं ते गेलंच, पार भिंतीपर्यंत. ऊन असं आत आलं की सगळ्यांनी डोळ्यांवर वह्या धरल्या. वर बघितलं तर निळंशार आभाळ, बस्स. एका शास्त्रज्ञाने घड्याळ बघून नोंदवहीत लिहिलं: दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे. पट्टीबाहेर काहीही आढळले नाही. बाकी चौघांनी खाली सह्या केल्या आणि जेवायला गेले.

मॅडमनी सही केली नाही. तिथेच स्टूल घेऊन बसल्या. पोरगी शेजारी. संध्याकाळपर्यंत थांबणार म्हणाल्या. मी त्यांना चहा नेऊन दिला.

मी आणखी चार दिवस थांबेन. रुळांना ग्रीस लावायचंय, छतकाकांना एकट्याने जमणार नाही. दुकानाची किल्ली तुझ्याकडे आहे, जरा उघडून झाडून ठेव.

तुझा भाऊ

२९ जून

प्रिय मामा,

तू चहा देऊन गेलास त्या संध्याकाळपासूनचं आज सलग लिहिते, तू इथे होतास तोवर बोलायला धीर झाला नाही.

त्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर दुर्बीण फिरवली. मॅडमनी स्वतः फिरवली, रेघेपर्यंत आणली आणि थांबल्या. मग बोटभर पुढे. मामा, ढग पुढे होताच. रेघ नव्हतीच. तो आपला पसरत, उलगडत वर गेला होता, आपल्याला दिसलेला भाग म्हणजे त्याचं शेपूट.

मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "काय सरळ रेघ होती ग ती." मग थोड्या वेळाने, "अकरा लेख." मग मला म्हणाल्या, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"सतरा मेपासून."

"आणि डिंक?"

"वाळला नव्हता."

त्यांनी डोळा पुन्हा दुर्बिणीला लावला. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक झाली. पाच जणांचं म्हणणं पडलं की पाचर परत मारावी. एक जण म्हणाला, ढग त्या दुपारी वाढला असं म्हणता येईल, त्याला मोकळी जागा मिळाली. हंगामी संचालकांनाही ते सोयीचं वाटलं. ठराव झाला. छतकाकांना बोलावलं आणि सांगितलं, पाचर मारा. छतकाका म्हणाले, "लेखी आदेश आणा." हंगामी संचालक म्हणाले, "मी हंगामी आहे, मी कसा काढू?" छतकाका म्हणाले, "मग नाही मारत." आणि तू आणलेल्या ग्रीसचा डबा घेऊन निघून गेले. छप्पर उघडं राहिलं ते त्याच नियमाने.

मॅडमनी अकराही लेख मागे घेतले. स्वतःच्या हाताने अकरा पत्रं लिहिली, पदक परत पाठवायला मला खोकं शोधायला लावलं. बुटांचं मिळालं. जेवणाच्या टेबलावर पाच जण त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसतात. मी शेजारी बसते. एक दिवस मी म्हटलं, "मॅडम, मी विचारायला नको होतं का?" त्यांनी पाव मोडला आणि म्हणाल्या, "सतरा मेलाच विचारायला हवं होतंस. तीन आठवडे फुकट गेले."

शिफारसपत्र काल दिलं. तुला उतरवून पाठवते: "या मुलीने दिलेले काम पूर्ण केले नाही. सांगितलेले वाक्य चिकटवले नाही. तिच्या मामाला बोलावून माझे सतरा वर्षांचे संशोधन खोटे ठरवले. हिला ताबडतोब प्रवेश द्यावा." मी तीनदा वाचलं, मग टेबलावर चढून खिडकी उघडली, मोठ्याने ओरडले आणि बंद केली.

आणि आज सकाळी दुधाच्या गाडीतून एक म्हातारे उतरले. हातात लांब नळकांडं. पलीकडच्या वेधशाळेचे. मॅडमचं पत्र वाचून आले होते. त्यांच्या वेधशाळेने आपली पट्टी आदराने सोडून दिलेली ना, ते पट्टीच्या वरपासून बघायला सुरुवात करायचे. त्यांच्याकडेही एक ढग आहे, तोही सुंदर लाल, आणि खालच्या बाजूला सरळ रेघेत कापलेला. त्या रेघेवर त्यांचे चौदा लेख.

दोघांनी आपापली छायाचित्रं जेवणाच्या टेबलावर पसरली. कडा गुंडाळत होत्या, त्यावर कप ठेवले. मॅडमचा ढग खाली, म्हाताऱ्यांचा वर. दोन्ही सरकवत सरकवत जवळ आणली. आम्ही सगळे वाकून बघत होतो, दोन खुर्च्या सोडून बसणारेसुद्धा. रंग जुळला, पिसारा जुळला, पण मधे बोटभर जागा राहिली. मॅडम रेघेच्या अलीकडेच थांबायच्या, म्हातारे जरा पलीकडून सुरू करायचे, एकमेकांच्या हद्दीत नको म्हणून. ते बोटभर आभाळ कुणीच टिपलेलं नाही.

म्हातारे म्हणाले, "ते तुमचं." मॅडम म्हणाल्या, "छे, तुमचंच." दहा मिनिटं असं चाललं. मग सूर बदलला. म्हातारे म्हणाले, "तुम्ही मोजलंत तर मी विश्वास ठेवणार नाही." मॅडम म्हणाल्या, "मी तरी कुठे तुमच्यावर ठेवणार?" आणि दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

मी हो म्हणाले, मामा. आणखी दोन महिने. आईने एक तारखेचं परतीचं तिकीट काढलंय, मावशी स्टेशनवर यायचीय आणि तिने सुट्टीही घेतलीय. आईला तू सांग. जेवणानंतर सांग, आधी नको. आणि ती गप्प झाली तर घाबरू नकोस, तिथेच बसून राहा, ती बोलेल.

तुझी,
चौकशीबाई